पत्ता एकदाच वाचायचा

लेबल स्विचिंगची कल्पना दोन वाक्यांत मावते. पॅकेट नेटवर्कमध्ये जिथे शिरतं तिथे त्याचा पत्ता एकदा नीट वाचायचा, ते कुठल्या वाटेने न्यायचं हे तिथेच ठरवायचं आणि त्या निर्णयाचा एक लहानसा आकडा त्याच्यापुढे लावून द्यायचा. वाटेतल्या बाकीच्या राउटरांनी पत्त्याकडे बघायचंच नाही, फक्त तो आकडा बघून पॅकेट पुढे ढकलायचं. दोन वाक्यांसाठी अख्खं पुस्तक कशाला, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर असं आहे की या दोन वाक्यांमधून जे निघालं त्यावर आज बँकांच्या शाखा, कारखान्यांची ऑफिसं, मोबाइलचे टॉवर आणि आता ग्रामपंचायतीसुद्धा जोडल्या जात आहेत. आणि जे निघालं त्यातलं बरंचसं, ही कल्पना मांडणाऱ्यांनी सुरुवातीला जे मनात धरलं होतं त्याहून वेगळं आहे.

हे पुस्तक मी सिल्वासात, टोकरखाड्यात राहून लिहिलं आणि ते सगळ्यात आधी इथल्या मुलामुलींसाठी आहे. आमली, मसाट, पिपरिया, राखोली या पट्ट्यात कारखाने दाटीने उभे आहेत. धागा बनवणारे, प्लास्टिकवाले, तारा आणि केबलवाले. त्यांतल्या पुष्कळांची हेड ऑफिसं मुंबईत. प्लांटमधलं चलन, कच्च्या मालाचा साठा, हजेरी, सगळं मुंबईच्या सर्व्हरवर चढतं. ती लाइन बंद पडली की गेटवर ट्रक उभे राहतात आणि फोन येतो तो आयटीआय किंवा पॉलिटेक्निक करून नेटवर्क सांभाळणाऱ्या विशी-पंचविशीतल्या मुलाला. त्याला कमांड पाठ असतात. कुठल्या कमांडनंतर स्क्रीनवर काय दिसायला हवं तेही पाठ असतं. पण स्क्रीनवर दिसणारा २३ हा आकडा कुणी ठरवला, तो वापीत गेल्यावर ४१ का झाला, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. इंग्रजी पुस्तकं परीक्षेच्या अंगाने लिहिलेली असतात आणि मराठी शाळेतून आलेल्या मुलाची त्यांच्या पहिल्याच प्रकरणात दमछाक होते. ती दमछाक कल्पनेची नसते, भाषेची असते. म्हणून हा खटाटोप.

आधी अडचण काय होती ते समजून घ्यायला हवं, नाहीतर उपायाचं मोल कळत नाही. त्यासाठी टपालाचा आधार घेतो. सिल्वासाचा पिन कोड ३९६२३०. ही सहा आकड्यांची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली आणि ती बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल-तार खात्यातले वरिष्ठ अधिकारी, शिवाय संस्कृतचे कवी. पहिला ३ म्हणजे राजस्थान, गुजरात आणि आपला हा प्रदेश. ३९६ म्हटलं की वलसाड-नवसारीचा भाग आला. नागपुरात पत्र सॉर्ट करणाऱ्याला ३९६ एवढंच पुरतं. पुढचे तीन आकडे त्याने वाचले नाहीत तरी पत्र योग्य गाडीत पडतं. पण पत्र इकडे पोचलं की पुढचे आकडेही बघावेच लागतात, कारण ३९६१९१ वापीचा, ३९६२१० दमणचा आणि ३९६२३० आपला. म्हणजे पत्ता एकच, पण तो किती खोल वाचायचा हे वाचणारा कुठे बसला आहे त्यावर ठरतं.

इंटरनेटचा पत्ता असाच वाचला जातो, फक्त तिथे आकडे ३२ बिटांचे. १९९३ पासून या पत्त्यांचे गट हव्या त्या लांबीचे पाडता येऊ लागले. राउटरच्या तक्त्यात एका ओळीत सोळा बिटांचा गट असतो, दुसरीत त्याच गटातला चोवीस बिटांचा पोटगट असतो आणि दोघांच्या वाटा वेगळ्या असतात. आलेल्या पॅकेटचा पत्ता दोन्ही ओळींत बसतो. अशा वेळी जी ओळ जास्त बिटांपर्यंत जुळते ती खरी. हा नियम सांगायला सोपा, पण एका सेकंदात लाखो पॅकेटांसाठी पाळायला अवघड. त्यात तक्ता सतत वाढत गेला. १९९७ च्या सुमारास जगभरच्या इंटरनेटचा तक्ता पन्नास हजार ओळींच्या आसपास होता, ऑगस्ट २०१४ पर्यंत तो पाच लाखांपुढे गेला आणि आज नऊ लाखांच्या पलीकडे आहे. सिल्वासाहून मुंबईला जाणारं पॅकेट वाटेत चार राउटर ओलांडत असेल, तर हा अख्खा शोध चार वेळा. चारही जण तेच काम करतात आणि आधीच्याने काढलेलं उत्तर पुढच्याला मिळत नाही.

टपालाने या अडचणीतून वाट काढली ती बॅगेने. एकाच दिशेची पत्रं एका बॅगेत भरायची, तोंड बांधायचं, वर लेबल लावायचं. मधल्या ट्रान्झिट ऑफिसात ती बॅग उघडत नाहीत. लेबल बघतात आणि पुढच्या गाडीत टाकतात. आतल्या पत्रांवर कुणाचं नाव आहे याच्याशी मधल्या माणसाला कर्तव्य नसतं. लेबल स्विचिंगमधला राउटर हेच करतो. मात्र बॅगेवरचं लेबल शेवटपर्यंत तेच राहतं, नेटवर्कमधलं लेबल दर टप्प्याला बदलतं. हा फरक लहान दिसतो, पण या विषयाचा सगळा कस त्यात आहे.

पॅकेटला पत्त्याऐवजी आकडा देण्याची रीत तशी जुनी. १९७६ च्या एक्स.२५ मध्ये ती होती आणि नव्वदच्या दशकात आपल्या दूरसंचार खात्याचं आय-नेट त्याच एक्स.२५ वर चालत असे. पुढे टेलिफोन कंपन्यांनी एटीएम आणलं. बँकेचं एटीएम नव्हे. ५३ बाइटच्या आखूड ‘सेल’मधून आवाज, चित्र आणि डेटा सगळं नेणारी पद्धत. त्यात ५ बाइट डोक्याचे आणि ४८ मालाचे. ४८ कुठून आले? युरोपवाल्यांना ३२ हवे होते, अमेरिकेला ६४. दोघांनी मधला आकडा घेतला. एटीएमचे स्विच फार वेगवान होते, कारण प्रत्येक सेलवर एक लहान आकडा असे आणि तक्त्यात थेट त्या आकड्याच्या ओळीवर हात जाई. उलट इंटरनेटचे राउटर सॉफ्टवेअरने पत्ते शोधत धापा टाकत होते. भारतात विदेश संचार निगमने लोकांसाठी इंटरनेट खुलं केलं ते १५ ऑगस्ट १९९५ ला. त्याच काळात जगभरच्या इंजिनिअरांना एकच प्रश्न छळत होता: पत्ता इंटरनेटचा आणि वेग एटीएमचा, असं काही जमेल का?

इथे मला एका माणसाविषयी थोडं थांबून लिहायचं आहे. जॉर्ज वर्गीस १९८१ मध्ये पवईच्या आयआयटी मुंबईतून इलेक्ट्रिकल इंजिनिअर होऊन बाहेर पडले आणि पुढे अमेरिकेत शिकवू लागले. १९९५ मध्ये सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात असताना त्यांनी गिरीश चंद्रनमेनन यांच्याबरोबर एक निबंध प्रसिद्ध केला. त्यातली सूचना साधी होती. शेजारच्या राउटरने आपल्या तक्त्यातल्या ओळीचा क्रमांक आधीच कळवून ठेवावा. पाठवणाऱ्याने तो क्रमांक पॅकेटवर लिहावा. घेणाऱ्याने शोधाशोध न करता थेट ती ओळ उघडावी. लेबल स्विचिंगचं बीज यात स्पष्ट दिसतं. मग १९९७ मध्ये त्याच वर्गीसांनी आणखी तिघांसह दुसरा निबंध लिहिला, तो पत्ताच झपाट्याने शोधण्याचा. गटांच्या ३२ लांबी एकेक करून तपासण्याऐवजी मधून सुरुवात करायची आणि दर वेळी निम्म्या बाद करायच्या. जास्तीत जास्त पाच वेळा बघितलं की उत्तर हाती. एकाच माणसाने दोन वर्षांच्या अंतराने आधी पत्ता न शोधण्याची युक्ती दिली आणि मग तो शोधण्याचा त्रास संपवण्याचीही. आपल्या क्षेत्रात शिकण्यासारखं हे वागणं आहे. प्रश्नावर प्रेम असलेला माणूस स्वतःच्याच पहिल्या उत्तराला बांधून राहत नाही.

त्या दोन-तीन वर्षांत बाजारात गर्दी झाली. तोशिबाची एक पद्धत होती, इप्सिलॉन नावाच्या छोट्या कॅलिफोर्नियन कंपनीची ‘आयपी स्विचिंग’ १९९६ मध्ये गाजली (ही कंपनी पुढच्याच वर्षी नोकियाने घेतली), आयबीएमची आणखी वेगळी आणि सिस्कोचं ‘टॅग स्विचिंग’. प्रत्येकाचं यंत्र दुसऱ्याच्या यंत्राशी बोलेना. म्हणून इंटरनेटचे नियम बसवणाऱ्या आयईटीएफने १९९७ मध्ये एक गट नेमला आणि जानेवारी २००१ मध्ये आरएफसी ३०३१ हा नियमांचा दस्तऐवज निघाला. एरिक रोझेन, अरुण विश्वनाथन आणि रॉस कॅलन ही त्यावरची तीन नावं. पद्धतीचं नाव मल्टिप्रोटोकॉल लेबल स्विचिंग, म्हणजे आपण रोज म्हणतो ते एमपीएलएस.

आता पॅकेटवर नेमकं काय चिकटतं ते बघू. इथरनेटच्या डोक्यानंतर आणि आयपीच्या डोक्याआधी ३२ बिटांची, म्हणजे ४ बाइटांची एक पट्टी बसते. त्यातले २० बिट लेबलचे, म्हणजे १०,४८,५७६ वेगवेगळे आकडे. पैकी ० ते १५ खास कामांसाठी राखून ठेवलेले. ३ बिट कुठल्या पॅकेटला घाई आहे हे सांगतात. १ बिट सांगतो की हे शेवटचं लेबल आहे की याच्या खाली आणखी आहेत. उरलेले ८ बिट दर राउटरला एकाने कमी होणारा आकडा धरतात. तो शून्यावर आला की पॅकेट टाकून द्यायचं, म्हणजे चुकून वाटेला गाठ पडली तर पॅकेट जन्मभर गोल फिरत बसत नाही. संपलं. अख्ख्या पुस्तकात यापेक्षा अवघड रचना नाही.

आणि कामं तीनच. लेबल लावणं म्हणजे पुश, बदलणं म्हणजे स्वॅप, काढणं म्हणजे पॉप.

समजा सिल्वासा, वापी, विरार आणि मुंबई असे चार राउटर एका ओळीत आहेत. गावं खरी, जोडणी मी सोयीसाठी कल्पलेली. सिल्वासाकडून मुंबईकडे पॅकेट न्यायची आहेत. लेबलं ठरवायला कोण सुरुवात करतो? नवीन मुलं हमखास सिल्वासा म्हणतात, कारण पॅकेट तिथून निघतं. पण सुरुवात मुंबईकडून होते. मुंबईचा राउटर विरारला सांगतो, ‘माझ्याकडे पाठवताना लेबल काढूनच पाठव’. हे सांगण्यासाठी ३ हा राखीव आकडा आहे. विरारचा राउटर आपल्याकडे मोकळा असलेला एक आकडा निवडतो, ४१ धरा, आणि वापीला कळवतो, ‘मुंबईचं काही असेल तर त्यावर ४१ लिही.’ वापीचा राउटर २३ निवडतो आणि सिल्वासाला कळवतो. म्हणजे लेबलं मुंबईहून सिल्वासाकडे येतात आणि पॅकेट सिल्वासाहून मुंबईकडे जातात. ज्याला आकडा वाचायचा आहे त्यानेच तो निवडायचा, हा इथला कायदा. त्यामुळे वाचणाऱ्याला शोध घ्यावा लागत नाही. २३ दिसला की आपल्या तक्त्याची तेविसावी ओळ उघडायची, तिथे लिहिलेलं असतं ‘४१ कर आणि विरारच्या तारेवर टाक’. विरारला ४१ दिसला की लेबल उतरवून मुंबईकडे. ते एक टप्पा आधीच उतरवतात, कारण मुंबईच्या राउटरला नाहीतर दोनदा काम करावं लागलं असतं, एकदा लेबल बघायचं आणि मग पत्ता.

म्हणून २३ या आकड्याला अर्थ आहे तो वापीचा राउटर आणि त्याच्याशी बोललेला शेजारी यांच्यापुरताच. विरारकडेही २३ असू शकतो आणि तो भलत्याच वाटेचा असू शकतो. कुणाचं काही बिघडत नाही. मला या कल्पनेत सगळ्यात सुंदर हेच वाटतं. दिल्लीत किंवा जिनिव्हात बसून कुणी लेबलांची नोंदवही ठेवत नाही, कुणाची परवानगी लागत नाही, दोन शेजाऱ्यांचं ठरलं की झालं. अशा शेजाऱ्या-शेजाऱ्यांच्या करारांची माळ लागते आणि तिच्यातून शेकडो किलोमीटरची वाट उभी राहते.

एवढं झाल्यावर वेगाचं बोलू, कारण आजही सेल्सचे लोक कारखान्यात येऊन सांगतात की एमपीएलएस घ्या, ते फास्ट असतं. १९९६ मध्ये हे म्हणण्याला अर्थ होता. पण १९९८ पासूनच पत्ता शोधण्याचं काम खास बनवलेल्या चिपवर करणारे राउटर बाजारात येऊ लागले आणि पत्ता बघणं काय, लेबल बघणं काय, दोन्ही तारेच्या पूर्ण वेगाने होऊ लागलं. ज्या कारणासाठी ही पद्धत जन्मली ते कारण ती नीट चालायला लागण्याआधीच संपलं. तरीही ती टिकली. एरवी तंत्रज्ञानात असं फारसं घडत नाही, आणि ती का टिकली हे कळणं म्हणजेच लेबल स्विचिंग कळणं, असं माझं ठाम मत आहे.

पहिलं कारण राखोलीतल्या दोन कारखान्यांत सापडेल. दोघांच्याही आतल्या नेटवर्कचे पत्ते १९२.१६८.१ ने सुरू होतात, कारण खासगी वापरासाठीचे हे पत्ते कुणीही घ्यावेत असे मोकळे ठेवलेले आहेत आणि राउटर डब्यातून बाहेर येतो तोच बहुधा हे पत्ते घेऊन. दोघांची हेड ऑफिसं मुंबईत, दोघांनी लाइन एकाच कंपनीची घेतलेली. पत्त्यावरून पॅकेट पाठवायचं ठरवलं तर एकाचं चलन दुसऱ्याच्या सर्व्हरवर जाईल. यावरचा तोडगा एरिक रोझेन आणि याकोव्ह रेख्टर यांनी मार्च १९९९ मध्ये आरएफसी २५४७ मध्ये मांडला. कंपनीचा सिल्वासातला राउटर प्रत्येक गिऱ्हाइकासाठी वेगळा तक्ता ठेवतो. पत्ते दुसऱ्या टोकाला कळवताना प्रत्येक पत्त्याच्या पुढे त्या गिऱ्हाइकाची ६४ बिटांची खूण जोडतो, म्हणजे दिसायला सारखे पत्ते सारखे राहत नाहीत. आणि पॅकेटवर एकावर एक दोन लेबलं लावतो. आतलं लेबल गिऱ्हाईक कोण ते सांगतं, बाहेरचं मुंबईच्या राउटरपर्यंत नेतं. टपालातही मोठ्या बॅगेत लहान बॅग जाते. वापी आणि विरारला फक्त बाहेरचं लेबल दिसतं. त्यांना या दोन कारखान्यांची नावं माहीत नसतात, त्यांचे पत्ते माहीत नसतात आणि जगाच्या इंटरनेटच्या त्या नऊ लाख ओळीही त्यांना ठेवाव्या लागत नाहीत. त्यांच्यापुरतं आपल्याच कंपनीचे राउटर कुठे आहेत एवढं ज्ञान पुरतं. नवीन गिऱ्हाईक आलं तर फक्त दोन टोकांना हात लावायचा, मधल्यांना कळतही नाही.

शहाणपण काठावर ठेवायचं आणि मध्य साधा राखायचा, ही मांडणी टिकली. वेग हे निमित्त होतं.

दुसरं कारण फायबर तुटण्याचं आहे आणि ते या भागातल्या प्रत्येकाच्या ओळखीचं. रस्ता रुंद करायला, गटार खणायला, पाण्याची लाइन टाकायला जेसीबी येतो आणि फायबर ओढून काढतो. पावसाळ्यात साइड खचते ते वेगळंच. आयपीच्या नेहमीच्या चालीने सगळ्या राउटरांना बातमी कळून नवी वाट ठरेपर्यंत काही सेकंद जातात. फोनवरचं बोलणं तेवढ्यात तुटतं. लेबलच्या नेटवर्कमध्ये वाट तुटण्याआधीच पर्यायी वाट मांडून ठेवता येते. आपल्या उदाहरणात वापी-विरार तार तुटली असं धरा. वापीच्या राउटरने नाशिककडून फिरून विरारला जाणारी दुसरी वाट आधीच तयार ठेवलेली आहे. प्रकाश गेला हे कळताच तो नेहमीप्रमाणे २३ चा ४१ करतो आणि त्या ४१ च्या वर नाशिकच्या वाटेचं आणखी एक लेबल चढवतो. विरारच्या आधीच्या राउटरने ते उतरवलं की विरारला पुन्हा तोच ४१ दिसतो. पॅकेट कुठल्या तारेवरून आलं याच्याशी विरारला घेणं नाही; त्याच्यासाठी काही घडलेलंच नाही. सिल्वासाला तर पत्ताही लागत नाही. या सगळ्याला साधारण ५० मिलिसेकंद लागावेत असं धरलेलं असतं. फोनवर बोलणाऱ्याला तेवढ्यात फार तर एखादा खट् आवाज येईल. मे २००५ च्या आरएफसी ४०९० मध्ये याची सगळी रीत दिली आहे आणि या पुस्तकातलं सर्वांत लांब प्रकरण त्यावरच आहे, कारण कामाच्या जागी सर्वांत जास्त उपयोग त्याचाच होतो.

वाटा मुद्दाम निवडता येणं हेही याच जातीचं. एरवी सगळी रहदारी सगळ्यांत जवळच्या वाटेने जाते, ती तुंबते आणि शेजारची लांबची वाट रिकामी पडून राहते. लेबलने काही रहदारी लांबच्या वाटेला लावता येते. त्याचा विस्तार पुढे आहे.

कामावर असलेल्यांसाठी दोन गोष्टी मात्र प्रस्तावनेतच सांगायला हव्यात. दोन लेबलं म्हणजे ८ बाइट. १५०० बाइटांचं पॅकेट १५०८ चं होतं आणि मधल्या एखाद्या राउटरची तार १५०० वरच अडवून ठेवली असेल तर मोठी पॅकेट मुकाट्याने मरतात. लक्षण ठरलेलं: पिंग जातं, लॉगिन होतं, पण मोठा रिपोर्ट उघडताना ईआरपी लटकतं. मुलं सर्व्हरला दोष देत बसतात. आधी मोठ्या आकाराचं पिंग करून बघा. दुसरी गोष्ट याहून गंभीर. एमपीएलएसच्या लाइनला व्हीपीएन म्हणतात म्हणून ती कुलूपबंद आहे असा पुष्कळ मालकांचा समज असतो. लेबल पॅकेट वेगवेगळी ठेवतं, त्यातला मजकूर लपवत नाही. फायबरवर हात टाकू शकणाऱ्याला तो वाचता येतो. पगाराची, बँकेची माहिती जात असेल तर तिला कुलूप वेगळं लावायला हवं आणि हे मालकाला सांगणं तुमचं काम आहे.

आपल्या देशात या पद्धतीची मुळं चांगली खोल गेली आहेत. बीएसएनएलने दुसरा राष्ट्रीय इंटरनेट कणा उभारला तो एमपीएलएसवर. २००० मध्ये स्थापन झालेली रेलटेल रुळांच्या कडेने टाकलेल्या फायबरवरून अशाच जोडण्या देते. २०१० पासून विद्यापीठं आणि संशोधन संस्था जोडणारं नॅशनल नॉलेज नेटवर्कही याच जातीचं. आणि संशोधनाची बाजू पुन्हा पवईला येते. आयआयटी मुंबईचे अश्विन गुमास्ते आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी ‘ऑम्निप्रेझेंट इथरनेट’ नावाची रचना बसवली. तिच्यात वाटेवरची सगळी वळणं शून्य आणि एक यांच्या ओळीत लिहून सुरुवातीलाच पॅकेटवर ठेवतात. मधल्या यंत्राने आपल्या वाट्याचे बिट वाचायचे आणि त्याप्रमाणे पॅकेट वळवायचं, त्याला तक्ता बघावा लागत नाही. त्यावर बांधलेला राउटर हैदराबादच्या ईसीआयएलला बनवायला दिला गेला आणि गुमास्ते यांना २०१८ चा शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला. एका मराठी नावाच्या प्राध्यापकाने मुंबईत बसून नेटवर्कच्या गाभ्यातलं यंत्र रचलं, हे आपल्या मुलांना माहीत असलं पाहिजे. आपण फक्त परदेशी राउटरच्या कमांड पाठ करणारे लोक आहोत, हा समज त्याने तरी गळून पडावा.

जगातही वारं त्याच बाजूला वळलं. जुलै २०१८ च्या आरएफसी ८४०२ ने सेगमेंट रूटिंग पक्कं केलं. त्यात वाटेतल्या प्रत्येक वळणाचं लेबल प्रवेशावरच्या राउटरने एकावर एक रचून द्यायचं असतं. मधल्यांनी वाटा लक्षात ठेवायची गरज आणखी कमी झाली. लेबलची पट्टी मात्र २००१ मध्ये ठरली तीच, तेवढ्याच ३२ बिटांची.

काही जण म्हणतात की एमपीएलएस आता संपलं. कारखाने साध्या ब्रॉडबँडच्या दोन लाइनी घेतात आणि त्यावर एसडी-वॅन (लाइनी सॉफ्टवेअरने सांभाळणारी पद्धत) टाकून काम भागवतात. कारखान्याच्या पातळीवर हे खरं आहे आणि पुष्कळांसाठी ते स्वस्तही पडतं. पण ते ब्रॉडबँड कारखान्याच्या भिंतीबाहेर पडल्यावर कंपन्यांच्या कण्यातून जातं आणि तो कणा पुष्कळदा लेबलवरच चालतो. गिऱ्हाइकाच्या बिलावरून हा शब्द गेला म्हणून तो नेटवर्कमधून गेला असं होत नाही.

उलट तो खेड्याकडे निघाला आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सुधारित भारतनेट योजना मंजूर केली, १,३९,५७९ कोटी रुपयांची. २.६४ लाख ग्रामपंचायती रिंगमध्ये जोडायच्या आणि तालुक्यात व ग्रामपंचायतीत आयपी-एमपीएलएस राउटर बसवायचे, असं तिचं स्वरूप. रिंग कशासाठी, एका बाजूची तार तुटली तर दुसऱ्या बाजूने लेबल कसं वळतं, हे आपण वर पाहिलंच. असा राउटर खानवेलच्या किंवा दुधनीच्या पंचायतीत लागेल तेव्हा त्याचं कपाट उघडणारा माणूस वापीहून गाडी करून येऊ नये. तो त्याच गावचा असावा आणि आतले आकडे त्याला वाचता यावेत.

पुस्तक वाचायला घेण्याआधी एक काम करा. वरच्या चार राउटरांचं चित्र कागदावर काढा आणि या वेळी पॅकेट मुंबईहून सिल्वासाकडे पाठवा. परतीची वाट वेगळी मांडावी लागते आणि तिची लेबलंही वेगळी असतात. २३ आणि ४१ तिथे चालणार नाहीत. आकडे स्वतः निवडा. कुणी कुणाला कुठला आकडा कळवला आणि शेवटचं लेबल कुणी उतरवलं हे नीट लिहिता आलं की पहिलं प्रकरण उघडा. नाही आलं तर ही प्रस्तावना पुन्हा एकदा वाचा आणि मग उघडा.

टोकरखाडा, सिल्वासा